दुसरी प्रत कुठे आहे?

शाळा सोडल्याचा दाखला हरवला, की माजी विद्यार्थी शाळेच्या कार्यालयात येतो. जनरल रजिस्टर काढले जाते, जुनी नोंद शोधली जाते आणि 'दुय्यम प्रत' असा शेरा मारून त्याला नवा दाखला मिळतो. कागद हरवला, पण माहिती हरवली नाही. असे का झाले? कारण तीच माहिती दोन ठिकाणी होती. शिवाय ती दोन ठिकाणे एकमेकांपासून वेगळी होती. विद्यार्थ्याच्या घरातील पेटीत पाणी शिरले म्हणून शाळेच्या कपाटातील रजिस्टर भिजत नाही.

आता शिक्षकांच्या संगणकाकडे वळू. त्यात काय काय साठलेले असते? दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्वाध्याय, निकालपत्रके, स्नेहसंमेलनाची आणि सहलींची छायाचित्रे, विज्ञान प्रदर्शनाचे अहवाल, सेवेसंबंधीची कागदपत्रे आणि घरच्या मंडळींचे फोटो. यातील किती गोष्टींची दुसरी प्रत आहे? आणि असेल, तर ती कुठे आहे? बहुतेकांचे उत्तर 'पेनड्राइव्हवर असेल' किंवा 'क्लाउडवर आपोआप जाते' असे येते. ही उत्तरे पुरेशी आहेत का, याचा विचार आपण या लेखात करू. त्यासाठी थोडे यंत्रशास्त्र आणि थोडे संभाव्यतेचे गणित लागेल. दोन्ही गोष्टी शाळेत शिकवण्याजोग्या आहेत.

डिस्क का बिघडते?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. टेबलावरच्या संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेतात. तबकडीचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर धरला, तर तिच्या कडेचा वेग किती येईल? परीघ सुमारे ३० सेंटिमीटर आणि सेकंदाला १२० फेरे, म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. हा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होतो. या फिरणाऱ्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर वाचणारे-लिहिणारे टोक हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. माणसाचा केस साधारण ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. यावरून हे अंतर किती कमी आहे, याची कल्पना येईल. चालू डिस्कला जोराचा धक्का बसला, तर टोक तबकडीवर आपटते आणि लेप खरवडला जातो.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये फिरणारी तबकडी नसते. त्यात आणि पेनड्राइव्हमध्ये सूक्ष्म विद्युत कोठड्या असतात. प्रत्येक कोठडीत अडकवून ठेवलेला विद्युतभार म्हणजेच आपली माहिती. येथे आपटण्याची भीती कमी, पण अडचणी निराळ्या. प्रत्येक कोठडी ठराविक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते. दीर्घकाळ वीज न मिळाल्यास अडकलेला भार हळूहळू झिरपतो. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. हार्ड डिस्कवरील फाइल पुसली, तरी तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती बरेचदा परत मिळवता येते. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये मात्र पुसलेल्या कोठड्या पुढील वापरासाठी लवकरच रिकाम्या केल्या जातात. त्यामुळे 'दुकानात नेऊ, काढून देतील' हा भरवसा आता पूर्वीइतका धरता येत नाही.

डिस्क बिघडण्यापूर्वी सूचना मिळते का? गूगल कंपनीतील तीन संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. त्या नोंदींतील सर्वांत बोलक्या अशा चार खुणा त्यांनी तपासल्या. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये या चारपैकी एकही खूण आधी दिसली नव्हती. म्हणजे डिस्क खरखरू लागली की प्रत काढू, असे म्हणून भागत नाही.

आकडे काय सांगतात?

त्याच अभ्यासात पहिल्या वर्षातील डिस्क बंद पडण्याचे प्रमाण १.७ टक्के होते, तर तीन वर्षे वापरलेल्या डिस्कमध्ये ते ८.६ टक्क्यांपर्यंत गेले होते. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडील डिस्कच्या बिघाडाचे आकडे नियमितपणे जाहीर करते. तिचे अलीकडच्या वर्षांतील आकडे वर्षाला साधारण १ ते २ टक्के आहेत. आपण हिशेबासाठी वर्षाला २ टक्के धरू.

दोन टक्के म्हणजे शंभरात दोन. आकडा लहान वाटतो. पण डिस्क पाच वर्षे वापरायची असते. एका वर्षी ती टिकण्याची संभाव्यता ०.९८, म्हणून पाचही वर्षे टिकण्याची संभाव्यता ०.९८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.९०. याचा अर्थ पाच वर्षांत दर दहांपैकी एका शिक्षकाची डिस्क बंद पडेल. शाळेत चाळीस शिक्षक असतील, तर पाच वर्षांत सुमारे चौघांवर ही पाळी येईल आणि कुणावरच न येण्याची शक्यता शंभरात दोनदेखील नाही. प्रत्येकाला वाटते की आपल्याला काही होणार नाही. आणि ते दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत खरेही ठरते. दहावा कोण, हे मात्र आधी कुणालाच ठाऊक नसते.

आता दुसरी डिस्क घेऊन तिच्यावर सर्व फाइलींची प्रत ठेवली, असे समजा. दोन्ही डिस्क एकाच वर्षात बंद पडण्याची संभाव्यता किती? ०.०२ गुणिले ०.०२, म्हणजे ०.०००४. शंभरात दोन असलेला धोका दहा हजारांत चारवर आला. तो पन्नासपट कमी झाला आणि त्यासाठी फक्त एक डिस्क विकत घ्यावी लागली. यापेक्षा स्वस्त विमा सापडणे कठीण.

गुणाकार कधी करायचा?

पण येथेच थांबून विचार करायला हवा. दोन घटनांच्या संभाव्यतांचा असा सरळ गुणाकार करण्यापूर्वी एक अट तपासावी लागते. त्या घटना स्वतंत्र असाव्या लागतात. पहिली घटना घडल्यामुळे दुसरीची शक्यता वाढता कामा नये. पाठ्यपुस्तकात ही अट एका ओळीत येते आणि नाणी-फासे यांच्या उदाहरणांत ती आपोआप पाळली जाते. म्हणून विद्यार्थी ती विसरतात. राखीव प्रतीच्या बाबतीत मात्र सगळा प्रश्न या एका ओळीत सामावलेला आहे.

लॅपटॉप आणि प्रतीची डिस्क एकाच पिशवीत असतील, तर एसटीत पिशवी चोरीला गेल्यावर दोन्ही जातात. दोन्ही एकाच टेबलावर असतील, तर आग किंवा पूर दोघांनाही सोडत नाही. दोन्ही एकाच बोर्डाला जोडलेल्या असतील, तर वळवाच्या पावसात वीज पडून दाब वाढल्यावर दोन्ही जळू शकतात. अशा सामायिक कारणाची संभाव्यता वर्षाला दोनशेत एक, म्हणजे ०.००५ आहे, असे समजा. आपण कष्टाने मिळवलेल्या ०.०००४ च्या ती बारापटीहून अधिक झाली! म्हणजे दुसरी डिस्क घेऊन ती पहिलीच्या शेजारी ठेवली, तर खरा धोका डिस्क बिघडण्याचा उरतच नाही. तो जागेचा होतो. तिथेच तिसरी, चौथी डिस्क आणून ठेवली तरी त्यात फरक पडत नाही.

याची मोठी उदाहरणे घडलेली आहेत. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील अनेक विभागांची कागदपत्रे जळून गेली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या संगणक केंद्राला आग लागली आणि पाच मजली इमारत नष्ट झाली. तेथे अनेकांची संकेतस्थळे होती. त्यांतील काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आगीत सापडल्या. प्रती काढलेल्या होत्या, पण मूळ आणि प्रत यांना वेगळे करणारे अंतर नव्हते.

आपल्याकडे हस्तलिखितांच्या काळात हे अंतर न ठरवताच मिळाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पूर्ण केले. त्यासाठी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, निरनिराळ्या लिप्यांतील बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा उपयोग झाला. एखादे हस्तलिखित वाळवीने खाल्ले, एखाद्याला पुराने नेले, पण सगळी एकाच वेळी गेली नाहीत. शिवाय एका नकलाकाराची चूक दुसऱ्या प्रदेशातील प्रतीशी ताडून पाहता आली. प्रती विखुरलेल्या असल्याचे हे दोन फायदे संगणकावरील माहितीलाही तसेच लागू पडतात.

तीन, दोन, एक

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक सोपा नियम सांगितला. तो आज जगभर वापरला जातो. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. वरील गणित समजले असेल, तर नियमातील प्रत्येक आकड्याचे कारण लगेच ध्यानात येते. तीन प्रती डिस्कच्या बिघाडासाठी. दोन प्रकार यासाठी, की एकाच जातीच्या, एकाच वेळी घेतलेल्या साधनांत एकच दोष असू शकतो. आणि दुसरी जागा आग, पूर व चोरी यांच्यासाठी.

शिक्षकाच्या घरी हा नियम असा उतरेल: पहिली प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी नातेवाइकांच्या कपाटात ठेवलेल्या डिस्कवर. 'क्लाउड' म्हणजे आकाशातील काही नव्हे. तो इंटरनेटवरून पोचता येणारा, दुसऱ्याच्या मालकीचा आणि दुसऱ्या गावी ठेवलेला संगणक आहे. आपल्या दृष्टीने त्याचा मुख्य गुण हाच, की तो दूर आहे.

जुळवणी आणि राखीव प्रत

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक क्लाउड सेवा 'सिंक' करतात, म्हणजे आपल्या संगणकातील आणि त्यांच्याकडील फाइली सतत जुळवून घेतात. संगणक हरवला किंवा बिघडला तर याचा उपयोग होतो. पण फाइल चुकून पुसली तर? जुळवणीचा नियम प्रामाणिकपणे पाळला जातो आणि तिकडचीही फाइल पुसली जाते. निकालपत्रकात एक रकाना चुकीचा चिकटवून फाइल साठवली, तर चुकीची फाइल तिकडे पोचते आणि बरोबर असलेली जाते. आरसा आपले हुबेहूब रूप दाखवतो, पण कालचे रूप दाखवू शकत नाही.

म्हणून राखीव प्रतीला काळाचेही अंतर लागते. कालची प्रत, गेल्या आठवड्याची प्रत, गेल्या महिन्याची प्रत अशा पायऱ्या हव्यात. बऱ्याच क्लाउड सेवा पुसलेल्या फाइली काही दिवस कचरापेटीत ठेवतात. उदाहरणार्थ, गूगल ड्राइव्हमध्ये त्या ३० दिवसांनी कायमच्या पुसल्या जातात. एप्रिलमध्ये चुकून पुसलेली फाइल जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवली, तर ही सोय उपयोगी पडत नाही. विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' आणि मॅकमधील 'टाइम मशीन' या सोयी मात्र जोडलेल्या डिस्कवर फाइलींची जुनी रूपेही जपतात.

काळाच्या अंतराची गरज आणखी एका कारणाने वाढली आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्राम जगभर पसरू लागला आणि दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांना त्याची लागण झाली. तो संगणकातील फाइली सांकेतिक रूपात बदलून कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. ब्रिटनमध्ये अनेक रुग्णालयांची कामे त्यामुळे खोळंबली. असे प्रोग्राम संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतात. यावर उपाय साधा आहे. प्रत काढून झाली, की डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिच्यापर्यंत कोणताही प्रोग्राम पोचू शकत नाही.

प्रत आहे, पण परत मिळते का?

एवढे सर्व केले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो आणि तो सर्वांत अधिक विसरला जातो.

१९९८ साली अमेरिकेत पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या संगणकीय चित्रपटाचे काम सुरू होते. कुणीतरी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. यंत्र थांबवेपर्यंत बहुतेक फाइली गेल्या होत्या. राखीव प्रत काढण्याची व्यवस्था होती. पण ती काही काळापासून नीट चालत नव्हती आणि हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. शेवटी मदत मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. गॅलिन ससमन या तांत्रिक दिग्दर्शिका नुकत्याच आई झाल्या होत्या आणि घरून काम करता यावे म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवलेली होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून जपून आणला गेला आणि त्यावरून काम पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या जागेवरील प्रतीचे महत्त्व यातून दिसतेच. पण न तपासलेल्या व्यवस्थेवर विसंबले तर काय होते, हेही दिसते.

३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या कंपनीत असेच घडले. एका अभियंत्याने चुकून मुख्य संगणकावरील माहिती पुसली. कंपनीकडे प्रती काढण्याच्या पाच पद्धती होत्या. त्यांतील एकही त्या वेळी भरवशाची निघाली नाही. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम आवृत्ती न जुळल्यामुळे कित्येक दिवस अपयशी ठरत होता आणि त्याची सूचना देणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच एका कामासाठी काढलेली प्रत सापडली. त्या सहा तासांतील काम मात्र गेले. कंपनीने ही सगळी हकीकत लपवून न ठेवता जाहीर केली, म्हणून इतरांना त्यातून शिकता आले.

दोन्ही संस्थांत संगणकाचे जाणकार होते. तरी असे का झाले? प्रत काढण्याची क्रिया अयशस्वी झाली, तरी त्या दिवशी कुणाचेच काही अडत नाही. दिवा लागला नाही तर अंधार होतो, पण प्रत निघाली नाही तर काहीच होत नाही. हा बिघाड मुका आहे. तो आपणच मुद्दाम शोधावा लागतो. शाळेत आग विझवण्याची नळकांडी भिंतीवर टांगलेली असतात. त्यांची तारीख कुणी पाहत नसेल, तर ती असून नसल्यासारखीच.

शोधण्याची पद्धत सोपी आहे. तीन-चार महिन्यांतून एकदा राखीव डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकाला जोडावी. एक जुनी, एक नवी आणि एक मोठी अशा तीन फाइली निवडून उघडून पाहाव्यात. नुसते नाव दिसले म्हणजे फाइल शाबूत आहे, असे नव्हे. ती उघडली पाहिजे आणि शेवटच्या पानापर्यंत वाचता आली पाहिजे.

मराठी फाइलींचा खास प्रश्न

फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही, असा अनुभव मराठीत काम करणाऱ्यांना हमखास येतो. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये लिहिला जात असे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव ही नावे अनेकांना आठवत असतील. या पद्धतीत संगणकाला देवनागरी अक्षर ठाऊकच नसे. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कोणत्या जागी कोणता आकार, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवी. त्यामुळे तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. प्रत बिनचूक आहे, पण तिची किल्ली हरवली आहे.

युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठराविक क्रमांक आहे. १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात देवनागरीचा समावेश आहे. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही आधुनिक संगणकावर किंवा मोबाइलवर वाचता येतो. म्हणून जुन्या फाँटमधील महत्त्वाच्या फाइली, तो फाँट असलेला संगणक चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि त्यांची पीडीएफ प्रतही काढून ठेवावी. जुन्या सीडी आणि फ्लॉपींची गोष्ट याहून निकडीची आहे. त्या वाचणारी यंत्रेच आता नव्या संगणकांत नसतात. कपाटात सीडींचा गठ्ठा असेल, तर त्यातील माहिती एकदा हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचे काम या सुट्टीतच करावे. माहिती जपायची म्हणजे काही वर्षांनी ती नव्या साधनावर हलवत राहायची. एकदा ठेवली आणि विसरली, असे तिच्या बाबतीत चालत नाही.

किती आणि केव्हा?

सगळ्या फाइली सारख्या मोलाच्या नसतात. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणुकीत देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइट जागा घेते. अडीच हजार शब्दांचा लेख साधारण ५० किलोबाइटमध्ये मावतो. तीन मेगाबाइटच्या एका छायाचित्राच्या जागेत असे साठ लेख बसतील. म्हणजे ज्या फाइलींवर आपली सर्वांत अधिक मेहनत झालेली असते, त्या आकाराने बहुधा सर्वांत लहान असतात. त्यांच्या कितीही प्रती ठेवणे परवडते. मिळालेले चित्रपट आणि पुन्हा उतरवून घेता येणारे प्रोग्राम मात्र वगळले तरी चालतात.

आणखी एक हिशेब करू. १०० गिगाबाइट माहिती डिस्कवर उतरवायला सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने एक हजार सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतात. तीच माहिती सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या इंटरनेटवरून पाठवायला किती वेळ लागेल? एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठ लाख मेगाबिट भागिले दहा, म्हणजे ८० हजार सेकंद. हे सुमारे २२ तास झाले. म्हणून छायाचित्रे डिस्कवर आणि लेखी काम दोन्हीकडे, अशी वाटणी सोयीची पडते.

प्रत किती वेळा काढावी? याचे उत्तर एका प्रतिप्रश्नात आहे: किती दिवसांचे काम पुन्हा करायची आपली तयारी आहे? एरवी आठवड्याचे काम पुन्हा करता येईल, तर आठवड्यातून एकदा प्रत पुरे. निकालाच्या दिवसांत मात्र एका दिवसाचे कामही पुन्हा करणे जड जाते. तेव्हा रोज संध्याकाळी प्रत काढावी.

एक खबरदारी आवश्यक आहे. शिक्षकाच्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे पत्ते, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. प्रती वाढल्या की त्या परक्या हाती पडण्याची शक्यताही वाढते. म्हणून बाहेर ठेवायची डिस्क पासवर्डने कुलूपबंद करावी. तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, डिस्कपासून वेगळ्या सुरक्षित जागी ठेवावा. पासवर्ड विसरला, तर आपलीच माहिती आपल्याला मिळणार नाही.

वर्गात करून पाहा

१. वर्गातील ३६ विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगा. सहा पडले म्हणजे ती डिस्क बंद पडली. दोन्ही फाशांवर सहा आले, तर माहिती गेली. असे सरासरी एका विद्यार्थ्याच्या बाबतीत घडेल. आता तिसरा फासा द्या आणि त्याला 'पूर' असे नाव द्या. त्याच्यावर सहा आले, तर दोन्ही डिस्क एकदम गेल्या असे धरा. आता माहिती गमावणाऱ्यांची सरासरी संख्या सुमारे सात होते. असे का, ते विद्यार्थ्यांना सिद्ध करायला सांगा.

२. प्रत बिनचूक आहे हे सगळे न वाचता कसे ओळखावे? याचे तत्त्व पाठ्येतर पुस्तकांच्या मागे छापलेल्या तेरा आकडी आयएसबीएन क्रमांकात आहे. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानांवरील अंक जसेच्या तसे घ्या आणि सम स्थानांवरील अंकांना तीनने गुणा. सर्वांची बेरीज करा. तिला दहाने पूर्ण भाग जातो. आता कोणताही एक अंक बदलून पाहा. चूक लगेच उघडी पडते. संगणकही फाइलीवरून असाच, पण खूप मोठा पडताळा-अंक काढतो आणि मूळ व प्रत यांचे अंक ताडून पाहतो.

३. मोठ्या विद्यार्थ्यांना घरातील माहितीची यादी करायला सांगा. यादीत तीन रकाने असू द्या: काय आहे, प्रत कुठे आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली. तिसरा रकाना बहुतेकांचा रिकामा येईल. चर्चा तेथूनच सुरू करावी.

३१ मार्च हा दिवस २०११ पासून 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे आर्थिक वर्षाचे हिशेब पूर्ण करण्याचाही तोच दिवस. शाळेच्या कार्यालयात त्या दिवशी रोकडवही जुळवली जाते. त्याच दिवशी प्रत्येकाने राखीव प्रतीतील तीन फाइली उघडून पाहिल्या, तर त्याला दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही.